परक्या समुद्रातला सम्राट

जगाचा नकाशा पुढे घ्या. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बोट ठेवा. तिथून वर लाल समुद्रात शिरा. मग पूर्वेकडे वळा आणि लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, इंडोनेशिया, दक्षिण जपान असे करीत प्रशांत महासागरातल्या तुआमोतू बेटांपर्यंत बोट फिरवा. या अफाट पाण्यात जिथे जिथे प्रवाळांचे खडक आहेत, तिथे एक अत्यंत देखणा मासा आढळतो. त्याचे नाव सम्राट एंजलमासा. शास्त्रीय नाव पोमॅकँथस इंपरेटर.

आता नकाशाच्या दुसऱ्या बाजूला या. अमेरिकेचे फ्लोरिडा हे राज्य अटलांटिक महासागराच्या काठी आहे. तिथेही प्रवाळांचे खडक आहेत, पण सम्राट एंजलमासा मात्र तिथला रहिवासी नाही. तरीही आग्नेय फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ बुडी मारणाऱ्यांना तो दिसला आहे, आणि एकदाच नव्हे.

हा मासा तिथे पोचला कसा? पोचलाच तर बिघडले काय? आणि तिथे त्याचे राज्य का झाले नाही? या तीन प्रश्नांची उत्तरे आज आपण शोधणार आहोत. शेवटी असे दिसेल की, या साऱ्या प्रकरणात माशाचा दोष काडीचाही नाही.

एकाच माशाची दोन रूपे

आधी पाहुण्याची ओळख करून घेऊ. पूर्ण वाढलेला सम्राट मासा सुमारे ४० सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या एका हाताएवढा लांब होतो. अंग निळे, त्यावर पिवळ्या रंगाचे बारीक आडवे पट्टे, शेपटी पिवळीधमक आणि डोळ्यांवर चोराने बांधावा तसा काळा पट्टा! एंजलमाशांच्या सर्व जातींमध्ये गालाच्या मागच्या कडेला एक मजबूत काटा असतो. पोमॅकँथस हे नाव त्यावरूनच पडले. ग्रीक भाषेत 'पोमा' म्हणजे झाकण आणि 'अकांथा' म्हणजे काटा.

घरोघरी काचेच्या टाकीत दिसणारा, त्रिकोणी आकाराचा नाजूक एंजलमासा हा मात्र नव्हे बरे का! तो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला, गोड्या पाण्यातला मासा आहे. दोघांची कुळे वेगळी आहेत. सारखे आहे ते फक्त नाव.

सम्राट माशाचे पिल्लू पाहिले तर ते त्याच जातीचे आहे यावर तुमचा विश्वास बसणार नाही. ते गडद निळे, जवळजवळ काळे असते आणि त्यावर पांढरी व फिकट निळी वलये एकात एक काढलेली असतात. पिवळ्या रंगाचा पत्ता नाही. मोठमोठे शास्त्रज्ञही इथे फसले. बर्लिनचे मत्स्यतज्ज्ञ मार्कस ब्लॉख यांनी १७८७ साली प्रौढ माशाला इंपरेटर हे नाव दिले. पुढे १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याच माशाच्या पिल्लाला वेगळी जात समजून निकोबारियेन्सिस, म्हणजे 'निकोबारचा', असे नाव देण्यात आले. आपल्या निकोबार बेटांचे नाव असे एका चुकीमुळे मत्स्यशास्त्रात नोंदले गेले आहे!

पिल्लाचा वेष वेगळा का असावा? प्रौढ मासे आपापल्या हद्दीबाबत फार दक्ष असतात. आपल्यासारखा दुसरा दिसला की अंगावर धावून जातात. पिल्लू वेगळे दिसत असल्यामुळे त्याला मार खावा लागत नाही, असे समजले जाते.

या माशाचे मुख्य अन्न म्हणजे खडकांना चिकटून वाढणारे स्पंज. प्रजननाच्या वेळी नर व मादी खडकापासून थोडे वर येऊन अंडी व शुक्राणू पाण्यात सोडून देतात. अंडी तरंगतात, त्यांतून बाहेर पडलेले सूक्ष्म डिंभ काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि नशिबाने खडक सापडला तरच तिथे मुक्काम करतात. ही वाहत जाण्याची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

रंगाचे कोडे

हा मासा आपले घर सोडून दूर का गेला, याचे मूळ त्याच्या रंगात आहे. तेव्हा रंगाविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. शिवाय भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हा मोह आवरत नाही.

निळ्या माशांच्या कातडीत निळा रंग शोधायला गेलात तर बहुधा तो सापडणार नाही. निळे रंगद्रव्य असलेले मासे अगदीच थोडे. बहुतेकांच्या कातडीत ग्वानीन नावाच्या पदार्थाच्या अतिशय पातळ चकत्या एकीवर एक रचलेल्या असतात. त्यांवरून परत फिरणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात. निळ्या रंगाच्या लहरी एकमेकींना बळ देतात, इतर रंगांच्या लहरी एकमेकींना मारतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ते याच कारणाने. म्हणजे हा निळेपणा रंगाचा नसून रचनेचा आहे.

पट्ट्यांची गोष्ट याहून मजेची आहे. १९५२ साली ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञाने एक कल्पना मांडली. समजा, कातडीत दोन द्रव्ये आहेत. एक रंगाला चेतवते, दुसरे त्याला आवरते. आवरणारे द्रव्य जर चेतवणाऱ्यापेक्षा दूरवर आणि लवकर पसरत असेल, तर सारखी एकरंगी कातडी आपोआप पट्ट्यांत किंवा ठिपक्यांत विभागली जाईल. आणि दोन पट्ट्यांमधले अंतर ठरावीक राहील.

हे खरे की खोटे? १९९५ साली शिगेरू कोंडो व रिहितो असाई या दोन जपानी शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात याचे उत्तर दिले, आणि त्यासाठी त्यांनी निवडला तो आपला सम्राट मासा! झेब्राचे पोर मोठे होते तेव्हा त्याचे पट्टेही रुंद होतात, संख्या तेवढीच राहते. सम्राट माशाचे तसे नाही. मासा वाढला तरी पट्ट्यांमधले अंतर तेवढेच राहते आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवे पट्टे येतात. एखाद्या पट्ट्याला फाटा फुटतो आणि पिशवीची चेन उघडत जावी तसा तो फाटा सरकत सरकत पट्ट्याचे दोन पट्टे करतो. ट्यूरिंगच्या समीकरणांतून नेमके हेच चित्र निघत होते. नंतर झेब्रामाशावर झालेल्या प्रयोगांवरून असे दिसले की, तिथे द्रव्यांऐवजी रंगपेशीच एकमेकींना चेतवण्या-आवरण्याचे काम करतात. पण गणिताचा गाभा तोच.

असा हा मासा पाहणाऱ्याला भुरळ घालतो यात नवल ते काय? म्हणून हौशी लोक त्याला घरी पाळतात, व्यापारी त्याला समुद्रातून पकडून पिशवीत घालून विमानाने जगभर पाठवतात. आणि आपल्या गोष्टीला इथूनच वळण लागते.

समुद्रातल्या भिंती

समुद्र सगळा एकच आहे, मग अंडी व डिंभ वाहत वाहत अटलांटिकमध्ये का जात नाहीत? कारण समुद्रातही भिंती असतात. त्या आपल्याला दिसत नाहीत एवढेच.

पहिली भिंत जमिनीची. उत्तर व दक्षिण अमेरिका पनामाच्या चिंचोळ्या पट्टीने जोडलेल्या आहेत. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी ही पट्टी पूर्ण झाली आणि दोन महासागरांतले जीव एकमेकांपासून तुटले. आज तिथे कालवा आहे हे खरे, पण त्याच्या वाटेत गातून हे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. प्रवाळखडकात राहणाऱ्या माशाला ते ओलांडता येत नाही.

दुसरी भिंत थंडीची. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून अटलांटिकमध्ये शिरता येईल, असे नकाशावर वाटते. पण टोकापलीकडे बेंग्वेला हा थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. उबदार पाण्यात वाढणारे डिंभ तिथे तग धरू शकत नाहीत.

तिसरी भिंत अंतराची. प्रशांत महासागराच्या पूर्व भागात सुमारे ५,००० किलोमीटरपर्यंत विश्रांतीला एकही खडक नाही. काही आठवड्यांचे आयुष्य हाती असलेल्या डिंभाला एवढा प्रवास परवडत नाही.

या भिंतींच्या पलीकडे, अटलांटिकमध्ये, दुसरे एंजलमासे आहेत. राणी एंजलमासा, फ्रेंच एंजलमासा, राखी एंजलमासा ही त्यांतली काही नावे. दोन्हीकडच्या मंडळींचे पूर्वज एकच. भिंत उभी राहिल्यावर दोन्ही घराणी लाखो वर्षे स्वतंत्रपणे वाढली. आपल्याकडेही या घराण्याचा एक सदस्य आहे. निळ्या कमानी अंगावर मिरवणारा आणि खांद्याजवळ निळे वलय असलेला एंजलमासा आपल्या मालवणच्या खडकाळ समुद्रात आढळतो.

भिंतींना पाडलेले दोन दरवाजे

जे लाखो वर्षांत घडले नाही ते माणसाने दीडशे वर्षांत घडवले. त्याने या भिंतींना दोन दरवाजे पाडले.

पहिला दरवाजा सर्वांना दिसणारा आहे. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि लाल समुद्र भूमध्य समुद्राला जोडला गेला. पनामासारखी पाणी वर-खाली करणारी दारे या कालव्यात नाहीत. वाटेतल्या बिटर सरोवरांच्या तळाशी मिठाचे जाड थर होते. त्यामुळे तिथले पाणी सुरुवातीला फार खारट असे आणि तोच एक अडसर होता. मीठ हळूहळू विरघळून गेले. पुढे १९७० साली नाईल नदीवरचे अस्वानचे मोठे धरण पूर्ण झाले आणि कालव्याच्या उत्तर तोंडाजवळ पसरणारे नाईलच्या पुराचे गोडे पाणीही आटले. अडसर असे एकेक करून निघाले. लाल समुद्रातून भूमध्य समुद्रात आलेल्या माशांच्या जाती आता शंभराहून अधिक आहेत.

दुसरा दरवाजा मात्र कोणाच्या नजरेत भरत नाही. तो घराच्या दिवाणखान्यात असतो. तो म्हणजे काचेची टाकी! दुकानातून आणलेले पाच सेंटिमीटरचे निळे पिल्लू काही वर्षांत हातभर होते. टाकी अपुरी पडते. तो इतर माशांना मारू लागतो. खर्च वाढतो. कधी घर बदलायचे असते. सम्राटाला मारून टाकायला कोणाचा हात धजत नाही. मग एखादा मालक दयाळूपणे बादली उचलतो आणि समुद्रावर जातो. 'जा बाबा, तू मोकळा!' असे म्हणून तो घरी परततो. आपण एक चांगले काम केले असेच त्याला वाटते.

एखादा मासा कोणत्या दरवाजाने आला, हे कसे ओळखायचे? यात गुप्तहेराप्रमाणे तर्क चालवावा लागतो. इस्रायलच्या किनाऱ्यावर, भूमध्य समुद्रात सम्राट मासा सापडल्याची नोंद २०१० साली प्रसिद्ध झाली. शेजारच्या लाल समुद्रात तो राहतोच. तेव्हा तिथे दोन्ही दरवाजे मोकळे होते. पण २०११ साली क्रोएशियाच्या किनाऱ्याजवळ राणी एंजलमासा सापडला. त्याचे घर पार कॅरिबियन समुद्रात. सुएझचा कालवा त्याच्या वाटेवर येतच नाही. म्हणजे संशय टाकीवरच जातो.

फ्लोरिडात हा तपास अधिक पद्धतशीरपणे झाला. तिथे बुडी मारणारे शेकडो हौशी स्वयंसेवक आपल्याला कोणते मासे दिसले याची नोंद एका संस्थेकडे पाठवत असतात. या नोंदी चाळून काही शास्त्रज्ञांनी २००४ साली असे दाखवले की, आग्नेय फ्लोरिडाच्या समुद्रात १६ जातींचे परके मासे दिसले होते. सम्राट एंजलमासा त्यांपैकीच एक. आता, जहाजे तोल सांभाळण्यासाठी पोटात समुद्राचे पाणी भरून घेतात आणि दुसऱ्या बंदरात ते सोडून देतात. मासे त्या पाण्यातून आले असतील का? तसे असते तर ज्या भागातून जास्त जहाजे येतात तिथले मासे जास्त दिसले असते. तसा मेळ बसला नाही. मेळ बसला तो शोभेच्या माशांच्या आयातीशी. दरवाजा सापडला!

एकट्या सम्राटाचे गणित

आता तिसरा प्रश्न. सम्राट मासा फ्लोरिडात दिसला, पण तिथे त्याची वस्ती झाली नाही. एकटे-दुकटे मासे दिसले, एवढेच. असे का?

याचे एक मोठे कारण साध्या गणितात आहे. प्रजेसाठी नर व मादी दोघांची गाठ पडावी लागते. समुद्रात चार मासे असतील तर त्यांच्या जोड्या किती होऊ शकतील? सहा. आठ मासे असतील तर? बारा नव्हे, तर अठ्ठावीस! आणि सोळा मासे असतील तर एकशेवीस. म्हणजे माशांची संख्या दुप्पट झाली की भेटीची शक्यता जवळजवळ चौपट होते. वायूच्या रेणूंचेही असेच आहे. त्याच भांड्यात दुप्पट रेणू कोंबले की त्यांच्या आपापसांतल्या टकरी चौपट होतात.

हे करून पाहण्यासारखे आहे. बुद्धिबळाचा पट घ्या. त्याच्या घरांना १ ते ६४ क्रमांक द्या आणि तेवढ्याच चिठ्ठ्या करा. चार चिठ्ठ्या उचला आणि त्या क्रमांकांच्या घरांत एकेक चिंचोका ठेवा. हे तुमचे मासे. आता शेजारशेजारच्या घरांत बसलेल्या किती जोड्या आहेत ते मोजा. कोपऱ्याला कोपरा लागलेली घरेही शेजारीच समजा. असे दहा वेळा करून बेरीज घ्या. मग आठ चिंचोके घेऊन दहा वेळा करा, मग सोळा घेऊन. हिशेबाने चार चिंचोक्यांना दहा खेळांत मिळून सहा-एक जोड्या मिळायला हव्यात, आठांना एकोणतीस-तीस आणि सोळांना सुमारे सव्वाशे. तुमचे आकडे थोडे पुढेमागे होतील, पण कल हाच दिसेल.

याचा अर्थ असा की, परका जीव थोड्या संख्येने आला तर तो बहुधा आपोआप संपतो. पण संख्या वाढू लागली की वाढीचा वेगही वाढत जातो. एका विशिष्ट संख्येच्या अलीकडे सारे शांत असते आणि पलीकडे गेले की आवरता आवरत नाही. बादलीतून सोडलेला एक मासा निरुपद्रवी वाटतो. पण तो कितवा आहे हे सोडणाऱ्याला कुठे ठाऊक असते?

त्याच दरवाजाने आलेला दुसरा पाहुणा

हे नुसते कागदावरचे गणित नाही. सिंहमाशाचे उदाहरण पहा. हाही हिंदी व प्रशांत महासागरांतला शोभेचा मासा. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, आयाळीसारखे पसरलेले पर आणि पाठीवर विषारी काटे. १९८५ साली फ्लोरिडातल्या डानिया बीचजवळ एक सिंहमासा पकडला गेला. पुढची पंधरा वर्षे अधूनमधून एखादा दिसे. कोणी फारसे मनावर घेतले नाही.

आणि मग फुगा फुटला. २००० साली तो उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यापर्यंत दिसला. २००४ साली बहामा बेटांत पोचला, आणि २०१० पर्यंत कॅरिबियन समुद्राचा बराचसा भाग व मेक्सिकोचे आखात त्याने व्यापले. एक मादी वर्षाला सुमारे २० लाख अंडी घालते. तिथल्या लहान माशांनी असा शिकारी कधी पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्याच्यापासून पळावे हेच त्यांना कळेना. काट्यांमुळे त्याला खाणारेही फार थोडे. बहामात केलेल्या एका प्रयोगात, ज्या लहान खडकांवर सिंहमासा ठेवला तिथे पाच आठवड्यांत नव्याने येणाऱ्या स्थानिक माशांची भर ७९ टक्क्यांनी घटली. दुसऱ्या एका पाहणीत त्याच्या भक्ष्य असलेल्या माशांचे एकूण वजन दोन वर्षांत ६५ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. आज तिथे सिंहमासे मारण्याच्या स्पर्धा भरवतात, त्यांची मेजवानी करतात. त्याने संख्या थोडी आटोक्यात राहते, पण त्या समुद्रातून सिंहमासा पुरता काढून टाकणे आता माणसाच्या हातात राहिलेले नाही.

सम्राट एंजलमासा सिंहमाशासारखा शिकारी नाही. तो स्पंज खातो. पण त्याची वस्ती झालीच तर तिथल्या एंजलमाशांच्या पानातला घास तो घेणार, हे उघड आहे. दुसरा धोका सोयरिकीचा. एंजलमाशांच्या जवळच्या जाती एकमेकींशी संकर करतात. अटलांटिकमध्येच राणी एंजलमासा व निळा एंजलमासा यांचा संकर इतका नेहमीचा आहे की, त्या मिश्र संततीला एके काळी वेगळी जात समजून नाव दिले गेले होते. आपल्या सम्राटाच्याच वंशातले दोन मासे फ्लोरिडात राहतात. आणि तिसरा धोका रोगांचा. टाकीतला मासा एकटा जात नाही. त्याच्याबरोबर त्याच्या अंगावरचे परजीवी व जंतूही जातात.

मग करायचे काय? गणितच उत्तर सांगते: संख्या लहान आहे तोवर हालचाल करा. १९९९ साली फ्लोरिडातल्या मोलॅसेस खडकाजवळ बॅटफिश नावाचे दोन परके मासे दिसले. स्वयंसेवकांनी त्यांना जिवंत पकडले आणि ते मत्स्यालयात पाठवून दिले. काम संपले! दोन मासे काढायला चार माणसे पुरतात. दोन कोटी काढायला सारे आरमारही पुरणार नाही.

आपल्या अंगणात

'आमच्या घरी कुठे समुद्रातला सम्राट आहे?' असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण दरवाजा तोच आहे, फक्त पाणी गोडे आहे. फिशटँकची काच साफ ठेवतो म्हणून पुष्कळ जण सकर मासा आणतात. हा दक्षिण अमेरिकेतला. दुकानात बोटाएवढा असतो, वाढला की हातभर होतो. मग टाकीत मावेनासा झाला की ओढ्यात, तळ्यात किंवा नदीत त्याची रवानगी होते. भीमा नदीवरच्या उजनी जलाशयात तो आता मासेमारांच्या जाळ्यांत येतो. अंगावर चिलखतासारखी कठीण खवले आणि परांना बळकट काटे. जाळे फाटते, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. ज्याचे पोट जाळ्यावर चालते, त्याने हे नुकसान कोणाकडे मागायचे? दिवाणखान्यातली टाकी रिकामी करणाऱ्याला तर याचा पत्ताही नसतो.

म्हणून मासे पाळू नयेत, असे मी मुळीच म्हणत नाही. टाकीपुढे बसून मासे न्याहाळण्याने विज्ञानाची गोडी लागते. कोंडो आणि असाई यांनीही पट्टे पाहिले ते टाकीतल्याच माशांवर. पण काही पथ्ये पाळली पाहिजेत. मासा घेण्यापूर्वी तो मूळचा कुठला आणि पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, हे दुकानदाराला विचारा. तुमच्या टाकीत तो आयुष्यभर राहू शकणार नसेल तर घेऊ नका. पाळणे अशक्य झाले तर दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या हौशी मित्राला द्या, शाळेच्या प्रयोगशाळेत विचारून पहा. पण नदी, विहीर, तळे, खाडी किंवा समुद्र यांत तो सोडू नका. टाकीचे जुने पाणी व त्यातल्या वनस्पतीही तिथे टाकू नका.

जाता जाता एक काम सांगतो. तुमच्या गावातल्या किंवा जवळच्या शहरातल्या माशांच्या दुकानात जा. तिथल्या दहा माशांची नावे लिहा. प्रत्येकापुढे त्याचा मूळ देश, दुकानातली लांबी आणि पूर्ण वाढीची लांबी असे तीन रकाने करा. पहिले दोन दुकानात भरतील, तिसऱ्यासाठी पुस्तके पाहावी लागतील. तक्ता पूर्ण झाला की वर्गाच्या भिंतीवर लावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांतला फरक ज्या माशापुढे सर्वांत मोठा असेल, त्याच्या नावाखाली तांबडी रेघ ओढा. तुमच्या वर्गातला कोणी तो मासा आणायला निघाला, तर ती रेघ त्याला आधी दाखवा.